साडेपस्तीस सेंटिमीटरची वाट

अबोलीचे वळेसर करायला आणलेल्या रिळातला दीड वितीहून थोडा मोठा दोरा मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे. त्याला तीन गाठी आहेत. पहिली मुंबई, दुसरी दुबई, तिसरी सॅन फ्रान्सिस्को. पहिलीपासून दुसरी 4.6 सेंटिमीटरवर, दुसरीपासून तिसरी 31 सेंटिमीटरवर. हा दोरा हातात धरूनच मी 2024 च्या जूनमध्ये देवगडजवळच्या मिठबावहून लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले. त्या जाण्याची ही हकीकत.

डिसेंबरात लेकीचा फोन आला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाळ येणार म्हणून. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिची नोकरी, तिथले डॉक्टर, विम्याच्या अटी, सगळं तिकडे. मग माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं, आणि माहेर म्हणजे मी एकटी. ह्यांना निघता येण्यासारखं नव्हतं. घरात नव्वदीच्या सासूबाई, गोठ्यात दोन म्हशी, बागेत काजू आणि कलमं. व्हिसा लेकीच्या लग्नानंतरच काढून ठेवला होता, म्हणून ती धावपळ वाचली. राहिला तो प्रवास. तोवर विमानात मी एकदाच बसले होते, मुंबई ते दिल्ली, शिक्षकांच्या एका शिबिरासाठी.

त्या रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "किती लांब आसा गो ता?"

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मला याचं उत्तर पटकन देता आलं नाही, आणि ते मला लागलं.

निवृत्त झाले तेव्हा शाळेने जुना पृथ्वीगोल मला दिला होता. नवा आला होता, आणि जुन्यावर अजून यू.एस.एस.आर. लिहिलेलं. पॅसिफिकमध्ये एक खोक आहे, कुठल्यातरी तुकडीने तो पाडला होता तेव्हाची. व्यास साधारण 30 सेंटिमीटर, तळाशी प्रमाण छापलेलं: 1 सेंटिमीटर म्हणजे 420 किलोमीटर. माळ्यावरून काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

आधी मी भिंतीवरचा नकाशा पाहिला होता. त्याच्यावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी लावली की रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, अटलांटिक आणि अख्खी अमेरिका ओलांडून जाते. डोळ्यांना तीच जवळची वाट वाटते. पण तो सपाट नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा, 1569 मधल्या. जहाजांना एकच दिशा धरून जाता यावं म्हणून तो केला होता, अंतरं मोजायला नव्हे. ध्रुवाकडे जावं तसं त्यात सगळं ताणलं जातं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. पण या ताणलेल्या नकाशावर काढलेली सरळ रेघ गोलावर सरळ नसते, हे वाक्य शिकवणं वेगळं आणि आपल्या लेकीचं घर त्या रेघेच्या टोकाला असणं वेगळं.

दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर नेऊन ताणलं. ताणताच दोरा सरकला. अटलांटिकवर मी त्याला धरून ठेवत होते, पण तो तिथे राहीना. लडाख, चीन, सैबेरिया असा तो वर वर गेला आणि आर्क्टिकच्या काठाने अलास्कावरून उतरून घट्ट बसला. ताणलेला दोरा नेहमी सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. भूगोलात त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. मोजला तर 32 सेंटिमीटरला थोडा जास्त. गुणाकार केला: साडेतेरा हजार किलोमीटर.

पण थेट विमान रोज नव्हतं आणि आमच्या तारखेला तर नव्हतंच. कणकवलीच्या तिकीटवाल्याने दुबईमार्गे सुचवलं. म्हणून दुसरा दोरा दुबईपासून ताणला आणि माझा हात थांबला. दोरा बरोबर वरच्या पितळी खिळीला जाऊन अडला. गोल ज्या खिळीवर फिरतो, त्या उत्तर ध्रुवाच्या खिळीला! रेखांश पाहिले. दुबई 55 अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को 122 अंश पश्चिम. बेरीज 177 च्या वर. म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. अशा दोन गावांमधली जवळची वाट ध्रुवाला खेटूनच जाणार. वर्षानुवर्षं मुलं मला विचारत आली, "बाई, अमेरिका पूर्वेला की पश्चिमेला?" मी सांगायचे, दोन्हीकडून जाता येतं. त्या रात्री मला खरं उत्तर कळलं. सॅन फ्रान्सिस्को आमच्या उत्तरेला आहे.

मी ह्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून खिळीवर ताणलेला दोरा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "थंय बर्फच आसतला." मग हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला.

मुंबई ते दुबई 4.6 सेंटिमीटर, म्हणजे 1,930 किलोमीटरच्या आसपास. पुढे 31 सेंटिमीटर, 13,020 किलोमीटर. मिळून साडेपस्तीसला थोडं जास्त, किलोमीटरमध्ये पंधरा हजारांना थोडे कमी. थेट जाण्यापेक्षा चौदाशे किलोमीटरचा वळसा, विमानाच्या चालीने दीड तास. लेकीने फोनवरच्या कुठल्याशा गणकाने तपासलं आणि दहा-वीस किलोमीटरच्या फरकाने माझा आकडा बरोबर ठरला. मोठं विमान वर गेल्यावर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास चालतं. 13,020 ला 900 ने भागलं तर साडेचौदा तास. तिकिटावर मात्र सोळा. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या घालणं आणि वाऱ्यासाठी, बंद आकाशासाठी बाजूने जाणं, हे सगळं त्या दीड तासात असतं.

वाऱ्याचं म्हटलं की मला बाबा आठवतात. माझे बाबा देवगडच्या एका गलबतावर तांडेल होते. मुंबईला कौलं, लाकूडफाटा, हंगामात आंबा. मी लहानपणी त्यांना विचारायचे मुंबई किती लांब, तर ते मैल कधीच सांगत नसत. म्हणायचे, "वाट किती लांब ता इचारू नको, वारो खंयचो ता इचार." फाल्गुन-चैत्रात किनाऱ्यावर वायव्येचा वारा धरतो. मुंबईहून देवगड उतरायला त्यांना दोन दिवस लागत, तीच वाट चढायला चार-पाच. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनारा धरायचा, आणि आषाढ-श्रावणात होडी शाकारून ठेवायची. तेव्हा अंतर तेच असायचं, रस्ताच नसायचा. पुढे शाळेत मी "खारे वारे आणि मतलई वारे" या धड्यावर दरवेळी एक तास जास्त घेत असे, तो बाबांसाठी.

आकाशातही हेच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहत असते. हिवाळ्यात तिचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. मुंबई-लंडन हे साधारण 7,200 किलोमीटर, जाताना विमान तिला तोंड देतं आणि येताना तिच्यावर बसून येतं, म्हणून परतीला तासभर कमी लागतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचं वाटतं. ते आधी अटलांटिकवरून, साधारण 13,900 किलोमीटरच्या वाटेने जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली सुमारे 15,300 किलोमीटर, चौदाशेने जास्त, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. वारा पाठीशी होता. हे बाबांना सांगायला हवं होतं. त्यांनी मान डोलावली असती, आश्चर्य मुळीच वाटलं नसतं.

माझी वाट मात्र दक्षिणोत्तर. ध्रुवावरून जाणाऱ्याला तो वारा कुशीवर लागतो, ना पाठीवर ना तोंडावर. म्हणून दुबई-सॅन फ्रान्सिस्को जायला आणि यायला साधारण सारखाच वेळ धरतात.

तिकीट हातात आलं आणि गावात वेगळाच घोळ झाला. शेजारचे भाऊ चांगले शिकलेले, पतपेढीत होते. त्यांनी तिकीट वाचलं: दुबईहून 19 जून सकाळी 9, सॅन फ्रान्सिस्को 19 जून दुपारी 2. म्हणाले, "वहिनी, हे तर पाच तासांत पोचवतात!" त्यांच्या मुलाने शंका काढली, पृथ्वी फिरते आहे, विमान वर गेलं की अमेरिकाच खाली येत असेल. शाळेतही हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि मला तो फार आवडतो. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. होडी प्रवाहात असते तसं विमान त्या हवेत असतं. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी 1,670 किलोमीटरने फिरते, हवा मागे राहत असती तर मिठबावला एक माड उभा राहिला नसता.

खरी गोष्ट साधी आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. म्हणून मी वहीत दोन रकाने आखले, एकात तिकिटावरची वेळ, दुसऱ्यात मिठबावची. वजाबाकी करायची ती दुसऱ्या रकान्यातच. दुबई आपल्या दीड तास मागे. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा, कारण ते लोक मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळं सरकवतात. दुबईचे 9 म्हणजे आमचे सकाळचे साडेदहा. तिथल्या दुपारचे 2 म्हणजे आमच्या 20 तारखेच्या पहाटेचे अडीच. मधले सोळा तास. भाऊंनी वही घरी नेऊन आपल्या वहीत उतरवून घेतली, त्यांचा पुतण्या टोरंटोला असतो.

मग मी त्याच वहीत आणखी एक गोष्ट केली, आणि लांब जाणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. विमानाचा वेळ बाजूला ठेवून उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. पहाटे साडेचारचं विमान, म्हणजे तीन तास आधी विमानतळावर. त्याच्या आधी ठाण्याला थोरल्या दिरांकडे टेकणं. त्याच्या आधी रेल्वे. जूनची 10 तारीख उलटून गेलेली, पावसाळी वेळापत्रक लागलेलं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. त्याच्या आधी मिठबाव ते कणकवली. गोव्याचा मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला होता, आमच्या सिंधुदुर्गातला चिपीचाही होता, पण वेळा जुळवायला गेलं तर मुंबईत अर्धा दिवस बसून राहावं लागत होतं. तेव्हा गाडीच बरी.

18 जून, मंगळवार. सकाळी साडेआठला निघाले. रात्रभर पाऊस पडत होता. सासूबाईंनी तुळशीसमोर उभं करून ओटी भरली, माझीच, म्हणाल्या बाळंतिणीची तिकडे भर. दोन बॅगा 23-23 किलोच्या, घरच्या काट्यावर तीनदा तोललेल्या. कुळथाचं पीठ, आमसुलं, हळीव, डिंकाचे लाडू, मऊ सुती लुगड्याची दुपटी. आंबा नाही. ताजी फळं तिकडे नेता येत नाहीत, आणि शेवटच्या हापूसच्या पेटीकडे पाठ करून निघताना जीव थोडा झाला.

बाराच्या सुमाराला गाडी मिळाली. रत्नागिरीच्या पुढे पावसाने आभाळ फाडलं आणि एका लहानशा स्टेशनात गाडी जवळजवळ दोन तास उभी राहिली. पुढे डोंगराची माती उतरली होती. खिडकीतून मी बघत होते, पिवळे रेनकोट घातलेली दोन माणसं बॅटऱ्या घेऊन रुळाच्या कडेने चालत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. माझ्या हिशेबात चार तास मोकळे ठेवले होते म्हणून मी शांत बसू शकले. शेजारच्या बाईंचा मुलगा त्याच रात्री मस्कतला चालला होता, त्याने दीड तासाचीच सोय ठेवलेली. ती माउली सारखी घड्याळ बघत होती. तिच्या मुलाला विमान मिळालं, हे नंतर तिने कळवलं तेव्हाच मला बरं वाटलं.

ठाणं रात्री साडेदहाला. जाऊबाईंनी गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा वाढला. एक वाजता विमानतळ. तिथलं सगळं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. पाट्या वाचता आल्या की झालं. सामान थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लावून मिळालं. दुबईपर्यंतचे सव्वातीन तास मी झोपले.

मिठबावपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत 315 किलोमीटर. माझ्या गोलावर साडेसात मिलिमीटर. त्याला मला साडेसोळा तास लागले होते.

दुबईहून निघालेलं विमान दोन मजली होतं. मला खिडकी मिळाली होती, ती मिळावी म्हणून थोडे पैसे जास्त भरले होते आणि त्या पैशांची मला कधीच हळहळ वाटली नाही. इराण ओलांडला, कास्पियन समुद्र राखाडी ताटासारखा दिसला, मग ढग, मग तासन्‌तास रशिया. जेवण झालं, दिवे मंदावले, सगळ्यांनी खिडक्यांच्या झडपा खाली केल्या आणि लोक झोपले. मी झडप चार बोटं वर ठेवून, शालीने उजेड अडवून बाहेर बघत राहिले.

मधल्या पडद्यावरचा नकाशा सपाट होता, त्यावर आमचं विमान वरच्या कडेला जाऊन चिकटलं होतं आणि रेघ वेडीवाकडी दिसत होती. मी दोरा काढून मांडीवर धरला. उंची 10,900 मीटर, बाहेर उणे 47 अंश. विमानाचं इंधनही साधारण तेवढ्यालाच गोठायला लागतं, म्हणून या वाटेवर वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवून असतात आणि गरज पडली तर खाली उतरतात किंवा वेग वाढवतात. होकायंत्रही इथे भरवशाचं राहत नाही, सुई कुठे दाखवावं हेच विसरते. दिशा उपग्रहांवरून आणि विमानातल्या यंत्रांवरून घ्यायची. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या साथीदार वैमानिकांनी, सगळ्या बायका, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं होतं. तेव्हा मी ती बातमी कापून शाळेच्या फलकावर लावली होती. आता मी त्या पट्ट्यात होते.

निघून साडेआठ तास झाले तेव्हा खाली बर्फ होता. एकसंध पांढरा नव्हे. भेगा पडलेला, तळ्याच्या वाळलेल्या मातीला पडतात तशा, आणि भेगांत पाणी काळं. कुठे कुठे भेगा दोन-तीन ठिकाणी फुटून पुन्हा एकत्र आलेल्या. सावली कशाचीच नाही, डोंगर नाही, झाड नाही, जहाज नाही. आणि सूर्य. आम्ही सकाळी निघालो तेव्हापासून तो मावळलाच नव्हता आणि मावळणारही नव्हता. क्षितिजापासून थोडा वर, मिठबावला साडेचार-पाच वाजता असतो तेवढ्या उंचीवर, तो नुसता बाजूने सरकत होता. उन्हाळ्यात ध्रुवावर सूर्य मावळत नाही, 23.5 अंशांवर गोल फिरत राहतो, हे वाक्य मी किती फळ्यांवर लिहिलं असेन! बोटांनी उंची मोजली. हात लांब करून धरलेली वीत साधारण वीस अंशांची असते, तेही मीच शिकवायचे. वीत आणि वर दोन बोटं.

मनगटावरचं घड्याळ मी मिठबावच्याच वेळेवर ठेवलं होतं. त्यात सात वाजले होते. घरी दिवेलागण. सासूबाई तुळशीपाशी निरांजन घेऊन उभ्या असतील, बाहेर काळोखी आणि पाऊस, बेडूक ओरडत असतील. आणि माझ्या शालीच्या आत दुपारचं ऊन. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. शेजारची मुलगी जागी झाली, काय झालं म्हणाली. मी झडप वर करून तिला दाखवलं. ती संगणक शिकायला चालली होती, नाशिकची. आम्ही दोघी मग कॅनडा येईपर्यंत बोलत बसलो.

नोव्हेंबरच्या शेवटी परत आले त्याच वाटेने. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी चारला निघालो, तासाभरात अंधार पडला आणि ध्रुवावर तर तेव्हा सहा महिन्यांची रात्र. रशियावर दुपारी दक्षिणेकडे क्षितिजावर एक तांबूस पट्टा उगवला आणि वर न येता तसाच विझला. जातानाचा सबंध दिवस, येतानाची जवळजवळ सबंध रात्र. लागलेला वेळ पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे.

तर जाताना सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा तिथल्या दुपारचे दोन. अधिकाऱ्याने विचारलं कशासाठी आलात, किती दिवस. "लेकीच्या बाळंतपणाला, पाच महिने," एवढं इंग्रजी मी ठाण्यापासून घोकत आले होते. खाण्याच्या वस्तू आहेत का, तर एकेक करून सांगितल्या. त्यांनी आमसुलाची पिशवी उघडून वास घेतला, परत बांधली आणि मला जाऊ दिलं. काही लपवलं नाही की जीव किती हलका राहतो!

सनीवेलला तिच्या दारात पाय ठेवला तेव्हा साडेचार. वहीत दुसरा रकाना भरला: 20 जून, पहाटे पाच. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत साडेचव्वेचाळीस तास. त्यातले हवेत सव्वाएकोणीस, बाकी सगळे जमिनीवर. लेक दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. मला वाकू देईना.

पुढचे आठ-दहा दिवस शरीर मिठबावलाच होतं. साडेबारा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी तीनला मान डुलायची. मी त्याच्याशी भांडले नाही. पहाटे उठून अंगणातल्या बाकावर बसायची, आणि उजाडलं की उन्हात चालायची. डोळ्यांना सकाळचं ऊन मिळालं की आतलं घड्याळ लवकर वळतं. फोनवर वेळ सांगायची सोपी युक्ती सापडली: इथलं घड्याळ तसंच वाचायचं, दिवसाची रात्र करायची आणि अर्धा तास पुढे न्यायचा. सासूबाईंना ती लगेच जमली. "थंय नऊ रातीचे, हय साडेनऊ सकाळचे," असं त्या गावभर सांगायच्या.

बाळ जुलैच्या पाच तारखेला आलं. मुलगी. इस्पितळातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी टोपडं शिवायला घेतलं. जुन्या लुगड्याचं मऊ कापड आणलंच होतं, लाल किनारीचं. माप घ्यायची टेप लेकीच्या घरात सापडेना. पर्समधला दोरा काढला. पहिली गाठ कपाळाच्या मध्यावर धरली आणि दोरा हलक्या हाताने कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून परत पुढे आणला. ती झोपेत होती, फक्त भुवया वर केल्या. दुबई केव्हाच मागे पडली. दोरा तिसऱ्या गाठीच्या एक सेंटिमीटर अलीकडे कपाळावर टेकला.

मी तिथे चौथी गाठ मारली आणि शिवणीसाठी दोन बोटं धरून कापड बेतलं.